खालून वारा, वरून वारा

मागच्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत मी माझ्या मुलीकडे, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागातील एका खेड्यात राहिले. जन्म ठाण्यात, शिक्षण ठाण्यात आणि ३१ वर्षे विज्ञान शिकवले तेही ठाण्याच्याच एका शाळेत; त्यामुळे थंडी म्हणजे जानेवारीच्या पहाटे तलावपाळीवर फिरायला जाताना अंगात घालायचा स्वेटर, एवढीच माझी ओळख होती. तिकडे रात्री पारा उणे १५ अंशांपर्यंत उतरत असे, आणि त्या थंडीत एक जुने लाकडी घर उबदार ठेवण्याचे काम तळघरातील एक भट्टी करीत असे. तिच्यात लाकूडही जळे आणि दगडी कोळसाही. परत आल्यावर नौपाड्यातील शेजाऱ्यांनी बर्फाविषयी विचारले, नातवाविषयी विचारले, भट्टीविषयी कोणी विचारले नाही. माझ्या मनात मात्र त्या चार महिन्यांतील सर्वांत ठळक गोष्ट तीच आहे, कारण तिच्यासमोर उभी असताना मला माझ्या वडिलांची काही वाक्ये पन्नास वर्षांनंतर प्रथमच नीट समजली.

तिकडच्या शहरांत नैसर्गिक वायूची नळी घरोघरी येते, पण विरळ वस्तीच्या खेड्यांत ती पोहोचत नाही. तेथील लोक तेल, प्रोपेन, वीज किंवा लाकूड-कोळसा यांतून निवड करतात, आणि पुष्कळांकडे यांतील दोन सोयी असतात. मुलीकडे तेलावर चालणारी भट्टीही आहे, पण तेलाचा खर्च सोसेना म्हणून ती आता केवळ आधारापुरती उरली आहे.

लाकूड-कोळशाची भट्टी तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी उभी आहे. माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे लोखंडाचे धूड, आतून भट्टीच्या विटांचे अस्तर, तळाशी दांड्याने हलवता येणारी बिडाची जाळी आणि जाळीखाली राखेचा ट्रे. या धुडाभोवती पत्र्याचे दुसरे आवरण असून दोहोंमधल्या पोकळीतून पंखा घरातली हवा फिरवतो, आणि तापलेली ती हवा पत्र्याच्या रुंद नळांतून वरच्या खोल्यांच्या जमिनीतील जाळ्यांपर्यंत जाते. धूर या हवेला कोठेही शिवत नाही. तो मागच्या नळाने निघून थेट धुराड्यात जातो. घरात येणाऱ्या हवेची वाट वेगळी आणि आगीतून निघणाऱ्या वायूंची वाट वेगळी. त्या दोन वाटा कधीही एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, यासाठीच पुढची सारी काळजी घ्यावी लागते.

ही रचना मी जावयाकडून समजून घेत होते तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेले, "हा तर आपला बंबच आहे." जावई पुण्याचा असला तरी बंब त्याने फक्त एका हॉटेलात शोभेसाठी मांडलेला पाहिला होता, म्हणून मला त्याला आधी बंब समजावून सांगावा लागला. तांब्याचे मोठे पिंप, मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, नळीत विस्तव आणि भोवती पाणी. ढलप्या, करवंट्या किंवा कोळशाचे तुकडे वरून नळीत टाकायचे, राख खालच्या तोंडातून ओढायची, आणि बंबात पाणी असल्याखेरीज कधीही पेटवायचा नाही, नाहीतर झाळलेले सांधे सुटतात. पाणी आणि धूर एकमेकांच्या शेजारून जातात, पण एकमेकांना भेटत नाहीत. तळघरातील भट्टीत पाण्याच्या जागी हवा आहे, इतकाच फरक.

आमचा बंब तलावपाळीजवळच्या वाड्यात मागच्या पडवीत असे. तो पेटवण्याचे काम बाबांचे, कारण आग हा त्यांचा व्यवसायच होता. ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते, त्यासाठीची सरकारी परीक्षा त्यांनी उत्तीर्ण केली होती, आणि ते प्रमाणपत्र आमच्या घरात देवाच्या तसबिरींच्या ओळीत लावलेले होते. सुटीच्या दिवशी बंब पेटवायला मी त्यांच्याबरोबर बसत असे. फुंकणी घेऊन मी वरून फुंकू लागले की ते माझा हात धरून फुंकणीचे तोंड खालच्या दाराकडे वळवत आणि म्हणत, "कोळसा खालून श्वास घेतो. लाकूड वरून घेतं. काय जळतंय ते आधी बघ, मग वारा दे." मुलांना सांगण्याच्या गमतीच्या गोष्टींपैकी ही एक असावी, असे मी इतकी वर्षे समजत होते. ते शब्दशः खरे आहे हे मला पेनसिल्व्हेनियात कळले.

लाकूड तापले की त्यातून प्रथम वायू बाहेर पडतात, आणि आपण जी पिवळी ज्योत पाहतो ती बहुतांशी त्या वायूंची असते. ते वायू लाकडाच्या वर जळतात, म्हणून त्यांना वरून हवा हवी. खाली राखेची गादी असली तरी लाकडाला चालते, उलट ती निखारे धरून ठेवते. तिकडचा ॲन्थ्रसाइट कोळसा याच्या अगदी विरुद्ध वागतो. त्यात कार्बन ८६ टक्क्यांहून अधिक, वायुरूप होऊन उडणारा भाग अत्यल्प. तो जेथे आहे तेथेच, आपल्या अंगाने जळतो, आणि त्यासाठी हवा थराच्या आरपार खालून वर गेली पाहिजे. वरून कितीही वारा घाला, तो फक्त थंड होतो. जाळीवर राख साचली की त्याचा श्वास कोंडतो आणि काही तासांत तो विझतो. बाबांच्या बॉयलरमध्ये येणारा चांद्याचा कोळसा या दोहोंच्या मधला. त्यात उडून जाणारे वायूही पुष्कळ आणि राखही पुष्कळ. म्हणून त्याला खालून मुख्य वारा आणि धूर जाळण्यासाठी वरून थोडा वारा, असे दोन्ही द्यावे लागे. धुराड्यातून काळा धूर निघाला तर साहेब खिडकीतून पाहतात, असे ते सांगत.

हे ज्ञान तिकडच्या लोकांनाही सहजासहजी मिळालेले नाही. ॲन्थ्रसाइट पेटतच नाही, तो दगड आहे, असे अठराव्या शतकात पुष्कळांचे मत होते. लोहाराच्या भात्याने जोराचा वारा दिला तरच तो पेटे. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्क्स-बॅरी या गावातील जेसी फेल यांनी आपल्या घरातील शेकोटीच्या जागी लोखंडी गजांची उघडी जाळी बसवून, भात्याविना, नुसत्या धुराड्याच्या ओढीवर हा कोळसा जाळून दाखवला. कोळसा तोच होता, फक्त तो जमिनीवरून उचलून जाळीवर ठेवला होता, ज्यायोगे हवा खालून येऊ शकली. त्या एका जाळीनंतर घरे तापवण्यासाठी या कोळशाला मागणी आली, खाणी वाढल्या, आणि १९१७ साली उत्पादन सुमारे १० कोटी टनांवर गेले. आज त्याच्या तुलनेत फारच थोडे निघते, तरी त्या परगण्यांतील खेड्यांत ट्रकमधून कोळसा तळघराच्या खिडकीतून आत सोडताना मी स्वतः पाहिला आहे.

लाकडाविषयी थोडे. तिकडे सरपण 'कॉर्ड' या मापाने विकतात: ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. आपल्याकडे वखारीत लाकूड वजनावर मिळे आणि ओले लाकूड घेणाऱ्याला त्यातल्या पाण्याचेही पैसे मोजावे लागत, म्हणून आई वर्षाचे सरपण मे महिन्यातच भरून घेई. मापाने घेतले तरी ओलेपणाचा तोटा टळत नाही. मुलीने पहिल्या हिवाळ्यात वाळलेले म्हणून घेतलेले ओकचे लाकूड भट्टीत घातले की टोकांतून फेस येई. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि ते वाफ होऊन जाईपर्यंत आगीची उष्णता त्यातच खर्च होते. जळणासाठी ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, आणि ओकसारख्या घट्ट लाकडाला त्यासाठी फोडून, रचून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडे ठेवून दोन उन्हाळे द्यावे लागतात. ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे छोटे यंत्र मिळते, पण दोन फाळके एकमेकांवर आपटून पाहणे पुरते: सुके खणखणीत वाजते, ओले बद्द वाजते. हे मात्र मला कोणी शिकवावे लागले नाही.

ओल्या लाकडाने उष्णता वाया जाते, याहून मोठी हानी धुराड्यात होते. थंड, दमट धूर वर जाताना त्यातील डांबरासारखे पदार्थ धुराड्याच्या आतल्या अंगाला चिकटत राहतात. त्याला क्रिओसोट म्हणतात. सुके लाकूडही हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवले तर हेच होते. एखाद्या दिवशी आग भडकली की हा थर पेट घेतो आणि धुराड्यातून आगगाडी जात असल्यासारखा आवाज येतो. त्या आगीत धुराडे तडकते आणि भिंतीतील लाकडापर्यंत आग पोहोचू शकते. म्हणून दर शरद ऋतूत धुराडे साफ करणाऱ्याला बोलावले जाते, आणि जावई मधूनमधून आरसा धरून आत पाहतो. अलीकडे त्या भागात ॲश जातीची झाडे मोठ्या संख्येने वाळून उभी आहेत. आशियातून आलेल्या एका हिरव्या चकचकीत भुंग्याच्या अळ्या सालीखालचा थर खातात आणि झाड मरते. आमच्या भट्टीतील बरेचसे लाकूड या मेलेल्या झाडांचे होते. उब मिळत होती तरी ती रांगच्या रांग उघडी झाडे पाहून वाईट वाटे.

कडाक्याच्या थंडीत मात्र भरवसा कोळशाचा. लाकूड चार-पाच तासांनी मागते. कोळसा बारा तास टिकतो. त्याच्या आकारांची नावे स्वयंपाकघरातली आहेत: बारीक तो 'राइस', मग 'बकव्हीट' म्हणजे कुट्टू, 'पी' म्हणजे वाटाणा, 'नट', पुढे 'एग'. आपोआप कोळसा पुरवणाऱ्या यंत्रांना तांदूळ-बकव्हीट लागतो, हाताने भरायच्या भट्टीला नट किंवा वाटाणा. खडा हातात घेतला तर काचेसारखा चमकतो आणि बोटेही फारशी काळी होत नाहीत. शेगडीसाठी कोळशाच्या भुकटीत शेण कालवून केलेले गोळे मी वाड्यातील गच्चीवर वाळत घातले आहेत, त्यामुळे इतका स्वच्छ कोळसा मला प्रथम कोळसा वाटलाच नाही.

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या दोन्ही वेळा मी जावयाबरोबर तळघरात उतरत असे, आणि जानेवारीपासून सकाळची पाळी माझ्याकडे आली. आधी राखेकडचे दार उघडून काही मिनिटे आगीला वारा द्यायचा. मग जाळीचा दांडा छोट्या छोट्या झटक्यांनी हलवायचा आणि राख पडता पडता ट्रेमध्ये लाल निखारे दिसू लागले की थांबायचे. सळईने वरून आग ढवळायची नाही, कारण वर आलेली राख निखाऱ्यांच्या उष्णतेत वितळते आणि तिचे क्लिंकर, म्हणजे कडक गठ्ठे, होतात. क्लिंकर हा शब्द ऐकून मी दचकले, बाबा रात्रपाळीहून आले की आईला सांगत, "आज क्लिंकरने जीव काढला." त्यानंतर नवा कोळसा घालायचा, पण सगळीकडे नाही. एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवायचा. पूर्ण थर झाकला तर नव्या कोळशातून निघणारे वायू पेटायला ज्योत मिळत नाही, ते भट्टीत साचतात आणि मग एकदम पेट घेऊन दार उडवू शकतात. उघड्या कोपऱ्यातून काही मिनिटांतच निळ्या ज्योती नव्या कोळशावर पसरत जातात. तेथील लोक त्यांना नाचणाऱ्या निळ्या बायका म्हणतात. त्या दिसेपर्यंत जागचे हलायचे नाही, आणि दिसल्या की खालचे दार न विसरता बंद करायचे; ते उघडे राहिले तर भट्टी इतकी तापते की लोखंड लाल होते.

ती निळी ज्योत हीच या लेखातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. खालून आलेली हवा कोळशाच्या जाड थरातून वर जाताना तिच्यातील प्राणवायू संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. थराच्या वर पुन्हा थोडी हवा मिळाली की तोच वायू निळा जळतो. म्हणजे आपण ज्या सुंदर ज्योतीकडे पाहत असतो ती एका विषाची ज्योत असते. तो जळतो तोवर ठीक, जळला नाही तर धुराड्याने त्याला बाहेर नेले पाहिजे, आणि धुराड्यानेही नेले नाही तर तो घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वर्गात हे वाक्य मी तीन दशके फळ्यावर लिहिले होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक दिवस अचानक उबदार आला. पारा १० अंशांवर, बर्फ वितळत होते, धुके आणि रिमझिम. दुपारपासून माझे डोके दुखत होते. मी सर्दी समजून काढा घेतला. रात्री दोनच्या सुमारास तळमजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळू लागला. मुलीने बाळाला पांघरुणासकट उचलले, जावयाने मला हाताला धरले आणि आम्ही सगळे कपडे बदलण्यासाठीही न थांबता अंगणातील मोटारीत जाऊन बसलो. गावचे स्वयंसेवक अग्निशामक पंधरा-वीस मिनिटांत मीटर घेऊन आले, घर उघडे करून खोलीखोलीतील हवा मोजली, आणि वायू निघून गेल्यावरच आम्हांला आत जाऊ दिले. सकाळी भट्टी थंड झाल्यावर जावयाने धुराड्याकडे जाणारा आडवा नळ सोडवला. त्यात पिठासारखी करडी राख निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत साचली होती. शरद ऋतूत नळ साफ केलेला होता, पण हिवाळ्याच्या मधोमध पुन्हा करायला हवा होता. त्यातच बाहेरची हवा उबदार होती. धुराड्याची ओढ आतल्या गरम वायूच्या आणि बाहेरच्या थंड हवेच्या फरकावर अवलंबून असते. फरक कमी झाला की ओढ मंदावते. शिवाय उबदार दिवस म्हणून आम्ही आगही मंद ठेवली होती. ही तीन कारणे एकाच रात्री एकत्र आली.

त्या सकाळी मला बाबांचे आणखी एक वागणे आठवले. एका जुलैत पडवीत पावसाची झड आत येत होती म्हणून आजीने बंब न्हाणीघरात हलवायला सांगितले. बाबा कधी आजीच्या शब्दाबाहेर नसत, पण त्या दिवशी ते म्हणाले, "आई, बंब जागचा हलणार नाही. हवं तर पाणी मी आत आणून देईन." आणि सबंध पावसाळा त्यांनी डोक्यावर पोते घेऊन बादल्या वाहिल्या. आजी रागावली होती. कारण विचारायचे मला तेव्हा सुचले नाही.

एप्रिलमध्ये ठाण्याला परतले तेव्हा पहिल्याच दिवशी आंघोळीला गेले आणि दार लावून घेतल्यावर वर पाहिले. आमच्या सदनिकेच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर गेली अकरा वर्षे भिंतीवर होता. साडेचार फूट रुंद जागा, एक छोटी खिडकी, तीही थंडीत आम्ही बंद ठेवत असू. गीझरला धूर बाहेर नेणारा नळ नव्हता. ही आग त्या खोलीतलीच हवा घेते आणि त्याच खोलीत सोडते. प्राणवायू कमी होऊ लागला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो, आणि लहान खोलीत माणूस बेशुद्ध व्हायला काही मिनिटे पुरतात. ठाणे, नवी मुंबई, पुणे येथे अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येतात, आणि मी त्या वाचून वर्तमानपत्राचे पान उलटत आले होते.

गीझर आता मागच्या उघड्या, जाळीच्या बाल्कनीत आहे. गरम पाण्याची नळी सात फुटांनी वाढली, पाणी यायला थोडा वेळ लागतो. मुलीने पाठवलेला अलार्म मी न्हाणीघर आणि शयनगृह यांच्या मधल्या बोळात लावला आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याची कळ दाबून पाहते. असे अलार्म कायम टिकत नाहीत, काही वर्षांनी ते बदलावे लागतात. बदलण्याची तारीख त्यावरच छापलेली असते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे इतकी वर्षं आहे, कधी काही झालं नाही." मी त्यांना बंब कुठे असायचा ते विचारले. त्या चेंदणीच्या, जुन्या घरातल्या. थोडा वेळ आठवून म्हणाल्या, "मागच्या अंगणात. सासरे आत आणू द्यायचे नाहीत." मग त्या आत गेल्या, न्हाणीघराची खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडे प्लंबरचा नंबर मागितला. तो येत्या रविवारी त्यांच्याकडे येणार आहे.